काच फुटल्यावर काय म्हणायचं?

पत्र:

"नमस्कार. मी नाशिकची, बँकेतून निवृत्त झालेली. धाकटी लेक बॉस्टनला असते. जूनमध्ये तिचं तिथल्याच एका ज्यू मुलाशी लग्न आहे. मुलगा छान आहे, घरची माणसं प्रेमळ आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण माझ्या जिभेची आहे. लग्न ठरलं त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडची सगळी माणसं मला एका सुरात 'मॉझल टॉव्ह' म्हणाली. अभिनंदन असावं एवढं कळलं, पण लग्न लेकीचं, मला कशाला म्हणतायत? मी नुसतं हसले. पुढच्या कॉलला विहीणबाईंनी त्यांच्या थोरल्या मुलीला दिवस गेल्याचं सांगितलं, तेव्हा मी हौसेनं 'मॉझल टॉव्ह' म्हणून टाकलं. सगळे एकदम गप्प. मग त्या 'बेशाआ तोवा' असं काहीतरी म्हणाल्या आणि विषय बदलला. मी काय चुकीचं बोलले? आमचे थोरले दीर पत्रिका बघतात. ते म्हणतात, याचा अर्थ 'शुभ नक्षत्र'. मग आम्ही मुलाची जन्मवेळ विचारली तेव्हा ही माणसं हसली का? तोंडानं नक्षत्र म्हणायचं आणि पत्रिकेला हसायचं, हे कसं? आणि मी हिंदू बाई, मी हे शब्द लग्नात म्हणावेत का? म्हटले तर कधी? सोबत पेढ्यांचे बॉक्स न्यायचे आहेत, त्यावर हेच छापून घ्यावं असं मनात आहे.
– एक आई, नाशिक"

उत्तर:

ताई, विहीणबाई रागावलेल्या नाहीत. तुमच्या तोंडचे शब्द त्यांनी हळूच बाजूला ठेवले आणि त्या जागी बरोबरचे आणून ठेवले, इतकंच. 'बेशाआ तोवा' म्हणजे 'शुभ घटकेला'. जे व्हायचंय ते वेळेवर आणि नीट होवो, अशी ती इच्छा. दिवस गेलेल्या बाईला ज्यू घरात हे म्हणतात. 'मझाल तोव' (तुम्ही ऐकलेलं 'मॉझल टॉव्ह') तिला म्हणत नाहीत, कारण ते शब्द झालेल्या गोष्टीसाठी राखून ठेवलेले आहेत. साखरपुडा झाला, लग्न लागलं, मूल जन्मलं, मुलगा १३ वर्षांचा होऊन त्याचा बार मित्झ्वा झाला, घराची किल्ली हातात आली, की मझाल तोव. पोटातलं मूल अजून वाटेत आहे. अमेरिकेतले बहुसंख्य ज्यू मध्य आणि पूर्व युरोपातून आलेले, म्हणजे अश्केनाझी. त्यांच्यात बरीच कुटुंबं बाळंतपण होईपर्यंत पाळणा घरात आणत नाहीत, झबली-टोपडी घेत नाहीत, ठरवलेलं नाव तोंडातून काढत नाहीत. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत शेजारणीला कळू देत नाहीत. ही मंडळी तेच नऊ महिने लांबवतात. तेव्हा पुढच्या फोनला त्या मुलीची तब्येत विचारा आणि 'बेशाआ तोवा' म्हणा. विहीणबाई खूश होतील. बाळ झाल्यावर मात्र मोठ्यांदा मझाल तोव. त्या वेळी घरातली एखादी आजी बाळाचं कौतुक ऐकून 'कायनाहोरा' पुटपुटली तर दचकू नका. दृष्ट न लागो, एवढाच त्याचा अर्थ.

सगळा घोळ इंग्रजीमुळे होतो. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की 'मझाल तोव'चं 'गुड लक' होतं, आणि गुड लक आपण परीक्षेच्या आधी म्हणतो, ऑपरेशनच्या आधी म्हणतो. हिब्रूत त्यासाठी वेगळा शब्द आहे, 'बेहत्सलाखा', म्हणजे 'यश येवो'. लेक मुलाखतीला निघाली असेल तर हा. नोकरी लागली की मग मझाल तोव. एवढा क्रम सांभाळलात तर बाकी कुठेही अडखळायला होणार नाही.

आता, लग्न लेकीचं असताना तुम्हाला का म्हणाले? कारण आनंद तुमच्या घरातही झालाय. ज्यू लोकांत मझाल तोव नुसतं नवरा-नवरीला म्हणून भागत नाही. दोन्हीकडचे आईबाप, आजीआजोबा, भावंडं, सगळ्यांना म्हणायचं असतं. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरगुती भाषा, जर्मनच्या जवळची पण हिब्रू लिपीत लिहिली जाणारी. तिच्यात व्याही-विहिणींना मिळून 'माखेतोनिम' म्हणतात आणि विहिणीला 'माखेतेनेस्ते'. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही. बिचारे 'माझ्या सुनेची आई' असं लांबण लावत बसतात. तुम्ही बॉस्टनला उतरल्यावर विहीणबाईंना 'माझी माखेतेनेस्ते' अशी हाक मारून बघा. त्यांच्या आजीच्या तोंडचा शब्द नाशिकच्या बाईकडून ऐकून त्या गळ्यात पडल्या नाहीत तर मला कळवा.

उत्तर काय द्यायचं? 'थँक यू' पुरतं. हिब्रूच हवं असेल तर 'तोदा'. आणि समोरचा माणूस घरचाच असेल तर उलट त्यालाही 'मझाल तोव' म्हणायचं, कारण मुलगा त्यांचा आहे आणि आनंद दोन्हीकडचा. जुन्या वळणाच्या घरांत लग्नाच्या वयाच्या मुलीनं अभिनंदन केलं की 'देवाच्या मनात असेल तर लवकरच तुझंही' असं परत म्हणायची रीत आहे. ती तुम्ही उचलू नका. 'आता नंबर तुझा' म्हणणाऱ्या मावश्या आपल्याकडे कमी आहेत का?

दिरांच्या शंकेकडे जरा सविस्तर वळते, कारण त्यांनी खोटं काही सांगितलेलं नाही. 'मझाल' या हिब्रू शब्दाचा जुना अर्थ तारकासमूह, राशी असाच आहे, आणि 'तोव' म्हणजे चांगला. मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत ताऱ्याच्या आकाशातल्या ठरलेल्या जागेला 'मंझाल्तू' म्हणत, त्याच्याशी या शब्दाचं नातं अभ्यासक सांगतात. आकाशाचं गणित बाबिलोनी लोकांचं, तेव्हा शब्दही तिकडूनच आला यात नवल नाही. पुढच्या काळातल्या गूढवादी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, त्याची सांगड हिब्रूतल्या 'पाझरणे' या क्रियापदाशी घातली: वरून थेंबथेंब पाझरतं ते मझाल. भाषाशास्त्राला हे मान्य नाही, पण प्रवचनात छान शोभतं. आजच्या इस्रायलमध्येही वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यात 'मझाल' म्हणजे रासच. आणि रोजच्या बोलण्यात तोच शब्द नशीब म्हणून येतो.

गंमत अशी की बायबलात हा शब्द 'मझालोत' या अनेकवचनी रूपात येतो तो चांगल्या प्रसंगी नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, २३व्या अध्यायात, योशिया राजा सूर्य, चंद्र आणि मझालोत यांना धूप घालणाऱ्या पुजाऱ्यांना हाकलून देतो. म्हणजे ज्या शब्दानं आज लग्नात अभिनंदन होतं, त्याची पहिली ओळख मूर्तिपूजेच्या आरोपपत्रात. आणि तरी राशी काही गेल्या नाहीत. उत्तर इस्रायलमध्ये बेत आल्फा नावाची जागा आहे. तिथे १९२८ साली किबुत्झचे, म्हणजे सामूहिक शेतवस्तीचे, लोक पाण्याचा चर खणत असताना ६व्या शतकातल्या सिनेगॉगची फरशी लागली. फरशीच्या मधोमध रंगीत खड्यांत बाराच्या बारा राशी जडवलेल्या, प्रत्येकीवर हिब्रूत नाव, आणि मध्यभागी चार घोड्यांच्या रथात सूर्य. प्रार्थनेच्या जागी! दिरांना त्या फरशीचा फोटो जरूर दाखवा. आपल्या सूर्याचे सात घोडे, तिथे चार, यावर त्यांचा अर्धा तास मजेत जाईल.

मग हसले का? कारण हा वाद त्यांच्या घरात दीड हजार वर्षांहून जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या त्या अवाढव्य ग्रंथात, शब्बाथ नावाच्या भागात दोन रब्बी समोरासमोर उभे आहेत. रब्बी हनिना म्हणतात, मझालच माणसाला शहाणा करतो, मझालच श्रीमंत करतो, आणि इस्रायललाही, म्हणजे ज्यू लोकांनाही, मझाल आहे. रब्बी योहानान म्हणतात, इस्रायलला मझाल नाहीच. म्हणजे या लोकांवर ताऱ्यांची सत्ता चालत नाही. योहानान यांच्या बाजूनं तिथे अब्राहामाची, म्हणजे ज्यूंच्या मूळपुरुषाची, गोष्ट येते. अब्राहाम देवाला म्हणतो, मी माझे ग्रह पाहिले, मला पुत्रयोग नाही. देव म्हणतो, तुझ्या त्या ज्योतिषातून बाहेर पड. त्याला मुलगा झाला, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच तालमूदमध्ये दुसरीकडे रावा नावाचे एक मोठे पंडित खांदे उडवून सांगतात की आयुष्य, संतती आणि पोटापाण्याची सोय या तीन गोष्टी पुण्यावर नव्हे, मझालवर अवलंबून असतात. म्हणजे दोन्ही बाजूंना वजनदार माणसं.

या भांडणात मला सगळ्यात आवडते ती रब्बी अकिवांच्या मुलीची गोष्ट, आणि ती लग्नाचीच आहे. खाल्डियन, म्हणजे बाबिलोनी, ज्योतिषांनी अकिवांना सांगितलं होतं की मुलगी लग्नमंडपात पाऊल टाकेल त्या दिवशी साप चावून मरेल. बाप काळजीत. लग्नाच्या रात्री मुलीनं केसातली सोन्याची पिन काढली आणि भिंतीच्या भेगेत खोचून ठेवली. सकाळी पिन ओढली तर तिच्या टोकाला साप आला, पिन त्याच्या डोळ्यातून आरपार गेलेली. बापानं विचारलं, काल तू केलंस तरी काय? ती म्हणाली, संध्याकाळी दारात एक भिकारी आला होता, सगळे जेवणावळीत गुंग, त्याचं कुणी ऐकेना, म्हणून माझ्या वाट्याचं ताट मी त्याला दिलं. ज्योतिषी खोटे ठरले असं गोष्ट म्हणत नाही, हे लक्षात घ्या. साप होता, भेगेतही होता. फक्त मुलीचं देणं त्याच्यापेक्षा भारी ठरलं.

पुढे १२व्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या इजिप्तमध्ये राहणाऱ्या वैद्य-तत्त्वज्ञ रब्बीनं दक्षिण फ्रान्समधल्या पंडितांना लांबलचक पत्र लिहून फलज्योतिष म्हणजे शुद्ध मूर्खपणा असं ठणकावलं. तुमच्या व्याह्यांचं हसू त्या परंपरेतलं असेल, किंवा नुसतंच अमेरिकन असेल. पण लगेच दिरांनी हिरमुसायचं कारण नाही. मायमोनिडीसनंतर जवळजवळ चार शतकांनी लिहिलेल्या 'शुल्खान आरुख' या आचारग्रंथात, जो कर्मठ घरांत आजही प्रमाण आहे, लग्न चंद्र वाढता असताना करायची रीत नोंदवलेली आहे. आपला शुक्ल पक्षच की! मंगळवार लग्नाला चांगला मानतात, कारण बायबलातल्या सृष्टीच्या कथेत तिसऱ्या दिवशी 'देवाने पाहिले की ते चांगले आहे' हे वाक्य दोनदा येतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, लग्न लागत नाही. उन्हाळ्यात तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेपासून आव महिन्याच्या ९ तारखेपर्यंत तीन आठवडे जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकात जातात, तेव्हा अश्केनाझी घरांत लग्नं होत नाहीत. त्यांचंही पंचांग आहे, फक्त त्यात मुलाची जन्मवेळ लागत नाही.

बोलताना मात्र कुणाच्याही मनात तारे नसतात. आपण मुलगी नक्षत्रासारखी देखणी आहे म्हणतो तेव्हा रोहिणी की कृत्तिका असं कुणी विचारतं का? मझाल तोवचं तसंच झालंय. शब्दातलं आकाश कधीच मावळलं, अभिनंदन तेवढं उरलं. त्यामुळे व्याह्यांना 'तुम्ही म्हणता ना नक्षत्र, मग द्या जन्मवेळ' असा पेच टाकू नका. पत्रिकेचा विषय इथेच मिटवा. दिरांच्या समाधानासाठी त्यांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर नाशिकच्या घरी किंवा लेकीच्या फ्लॅटवर छोटासा वैदिक विधी आधी उरकून घेता येईल. त्याला व्याह्यांना बोलवा, ते आनंदानं येतील.

लग्नाच्या दिवशी मझाल तोव नेमकं कधी म्हणायचं, हे तुम्हाला कुणी सांगायची गरज पडणार नाही, पण आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर काळजाचा ठोका चुकेल. चार खांबांवर ताणलेल्या कापडाखाली, त्याला खुप्पा म्हणतात, विधी होतील, सात आशीर्वाद म्हटले जातील, आणि शेवटी कापडात गुंडाळलेला काचेचा पेला जमिनीवर ठेवून नवरा मुलगा तो बुटाच्या टाचेनं फोडेल. कापड काचा उडू नयेत म्हणून. आवाज होताच सगळी सभा ओरडेल: मझाल तोव! तुम्हीही ओरडा. आपल्याकडे मंगलप्रसंगी काच फुटली की बायकांचे चेहरे पडतात, ते दहा सेकंद तुम्ही तुमच्या बहिणींना आणि जावांना आधीच समजावून ठेवा.

या काचेमागे एक जुनी गोष्ट आहे. तालमूदमध्येच आहे. राविनांचा मुलगा मार यानं आपल्या मुलाच्या लग्नात पाहिलं की पंडितमंडळी फारच खिदळायला लागली आहेत. त्यानं ४०० झूझ किमतीचा उंची प्याला आणला आणि त्यांच्यासमोर फोडला. सगळे एकदम गंभीर झाले. 'राव अशी' नावाच्या पंडितांच्या घरच्या लग्नात तर पांढऱ्या काचेचा प्याला फुटला, तोही त्याच कारणासाठी. पुढे या फोडण्याला इ.स. ७० साली रोमनांनी पाडलेल्या जेरुसलेमच्या मंदिराच्या आठवणीचा अर्थ चिकटला: सुखाच्या शिखरावरही ते दुःख विसरू नये. विचित्र भाग हा की शोकाचीच ही खूण, आणि तिच्या पाठोपाठ लगेच जल्लोष. काही रब्बींना हे अजिबात आवडत नाही, शोकाच्या आवाजावर टाळ्या काय वाजवता म्हणतात. पण लोक ऐकत नाहीत. इतकं की हॉटेलात वेटरच्या हातून ग्लास निसटला तरी कोपऱ्यातून कुणीतरी 'मझाल तोव' ओरडतंच. तो विनोद तुम्ही मात्र विहिणीच्या स्वयंपाकघरात करू नका.

आणखी एक. जुन्या घरांत साखरपुड्याच्या वेळी करारपत्र वाचून झालं की मुलाची आई आणि मुलीची आई मिळून चिनी मातीची बशी फोडतात. मग सगळे मझाल तोव म्हणतात. तुमच्या व्याह्यांना ही हौस असेल तर लग्नाच्या आधी तुमच्या हातात बशीची एक कड येईल. घट्ट धरा, विहिणीकडे बघा, आणि सोडा. तुकडे जपून ठेवायची पद्धत काही घरांत आहे.

हिंदू बाईनं म्हणावं का, हा प्रश्न मला तुमच्या पत्रात सगळ्यात कमी अवघड वाटला. हे मंत्र नाहीत, प्रार्थना नाही, यात देवाचं नावही नाही. मराठी माणसाला तर हे शब्द परके वाटायचं कारणच नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज गलबत फुटून आले असं मानणारे आपले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या कोकणात तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. दिवेकर, पेणकर, केहीमकर, रोहेकर ही त्यांची आडनावं. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं, आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या, म्हणजे पासओव्हर सणाच्या, रात्री वाचायचा हागादा हा ग्रंथ मराठी अनुवादासह, चित्रांसकट छापून निघाला. त्यांच्याकडे लग्नाआधी मेंदी असते, आणि मनासारखं काही घडलं की पोहे, ओलं खोबरं, गोड आणि फळं ताटात मांडून, एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन मलिदा करतात. त्या घरांत हिब्रू आशीर्वाद आणि मराठी गप्पा एकाच ताटाभोवती चालतात.

शिवाय हे शब्द ज्यूंच्या अंगणातून केव्हाच बाहेर पडलेत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये किंवा अँटवर्पच्या हिरेबाजारात दोन व्यापारी, दोघेही पालनपुरी जैन असले तरी, सौदा ठरला की हातात हात देऊन 'मझल' म्हणतात. मूळ यिडिश 'मझल उन ब्रोखे', म्हणजे नशीब आणि बरकत. एकदा हे म्हटलं की लाखोंच्या मालासाठी कागदाची गरज नसते, आणि शब्द फिरवणाऱ्याला बाजारात उभं राहायला जागा नसते. शाकाहारी जैन शेठ ज्यू शब्दानं बांधला जातो, तिथे तुम्हाला कसला संकोच?

एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या. परंपरानिष्ठ रब्बी आंतरधर्मीय लग्न लावत नाहीत, आणि व्याह्यांच्या नातेवाइकांत एखादे काका असे असतील की ज्यांना हे लग्न रुचलेलं नसेल. त्यांचं मझाल तोव ओठांवरचं असेल. तुमच्याकडेही असे कुणी असतीलच. त्यांना थँक यू म्हणा आणि पुढच्या माणसाकडे वळा.

उच्चाराचं सोपं आहे. हिब्रूत 'मझाल तोव', भर 'झाल'वर. यिडिश वळणात भर आधीच्या अक्षरावर सरकतो, 'माझल तोव', आणि अमेरिकनांच्या तोंडी त्याचं 'मॉझल टॉव्ह' होतं. तिन्ही चालतात. झ मात्र 'माझं'मधला हवा. 'मजाल' म्हणालात तर आपल्याच लोकांना वाटेल तुम्ही कुणाची तरी बिशाद काढताय.

राहिले पेढे. घरात कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम, पाळतात का हे जावयाला आधी विचारा. पाळत असतील तर मांसाच्या जेवणानंतर दुधाचा पदार्थ तासन्‌तास चालत नाही, आणि लग्नाच्या जेवणात मांस असण्याची शक्यता भरपूर. पेढे मग खोक्यातच राहतील. कोकणातल्या ज्यू बायकांनी हा प्रश्न नारळाच्या दुधानं केव्हाच सोडवलाय. त्यांचा चायना ग्रासचा हलवासुद्धा त्यातच होतो. तुम्ही साय-खवा न घालता नारळाच्या वड्या करून न्या, नाहीतर तिळाचे लाडू. कडक कोशर असेल तर घरची कुठलीच वस्तू चालणार नाही, तेव्हा विचारल्याशिवाय पातेलं चढवू नका. आहेराच्या पाकिटात आपण १०१ किंवा ५०१ घालतो, वरचा एक रुपया शुभ म्हणून. त्यांच्यात १८च्या पटीत देतात, कारण 'खाय', म्हणजे 'जिवंत', या शब्दाच्या दोन हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज १८ होते. १८० डॉलर घालून वर एक डॉलर ठेवलात तर कुणाचाच शकुन चुकणार नाही.

खोक्यावर मराठीत 'मझाल तोव' छापा, झकास दिसेल. हिब्रूतही हवं असेल तर सहाच अक्षरं आहेत, पण छापखान्यात जपा. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि आपल्याकडच्या संगणकांवर ती बऱ्याचदा उलटी पडते. सगळ्यात उजवीकडे 'मेम' आणि सगळ्यात डावीकडे 'बेत' असायला हवं. प्रूफचा फोटो जावयाला पाठवा, त्याचा होकार आल्याशिवाय पाचशे खोकी छापायला सांगू नका.